मोटर बंद होती

बोईसर, मंगळवार संध्याकाळ, १९७९

जानूचा जबडा मोडलाय. डावा डोळा वाचेल की नाही, ते डॉक्टर उद्या सांगणार.

सकाळी कारखान्यातला तेलाच्या दाबावर चालणारा प्रेस अडकला. फोरमनने मोटर बंद केली आणि प्रेसवरच्या हेल्परला, जानूला, तेलाच्या पाइपचा नट खोलायला सांगितलं. मी म्हणालो, "आधी टाकीतला दाब सोडा." फोरमन म्हणाला, "काका, मोटर बंद आहे. हे तुमचं विमान नाही." सगळे हसले आणि मी गप्प बसलो. का बसलो?

हवाई दलात महायुद्धातल्या जुन्या बॉम्बरवर मी आठ वर्षं फिटर होतो. बॉम्बच्या कप्प्याचे दरवाजे, ब्रेक, सगळं तेलाच्या दाबावर चालायचं. इंजिनं थांबली तरी दाब गोल टाकीत साठून राहायचा, म्हणून तर ब्रेक लागायचे. दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय आम्ही पान्याला हात लावत नसू. आमच्या प्रेसलाही तशीच टाकी आहे.

नट सुटला आणि पाइप उसळून जानूच्या तोंडावर बसला. मागोमाग तेलाची धार डोळ्यात गेली. फरशीवर रक्त आणि दात पडले होते. मोटर बंदच होती.

दुपारी फोरमन म्हणाला, "चूक जानूची होती, असं लिहून द्या." मी त्याने पुढे केलेला कागद फाडला. उद्या खरं ते लिहून देईन. पण आज सकाळी गप्प बसलो, त्याचं काय?

दवाखान्यात जानूच्या बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमाला म्हायत होतं, मंग त्याचा हात का नाय धरला?"

सकाळी मी त्याच्यापासून चार पावलांवर उभा होतो.