मुतखडा आणि मासे उपसायची जाळी

प्रिय आणि आदरणीय आक्का,

तुझ्या सगळ्यात धाकट्या भावाचा, बुनथोमचा, इस्पितळाच्या खाटेवरून आडव्या अंगानंच केलेला नमस्कार गोड मानून घे. (उठून हात जोडायला गेलं की डाव्या कुशीत अशी कळ येते की तोंडातून नमस्काराऐवजी भलतंच काही निघतं, आणि ते थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नसतं.) कोरातला तुम्ही सगळे बरे असाल. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं घोरणं कमी झालं का, की शेजाऱ्यांनीच घर बदललं? इकडची काळजी करू नकोस. इकडे सगळं उत्तम चाललं आहे. शुक्रवारी सकाळी माझी कूस उघडून आत हात घालणार आहेत, एवढं सोडलं तर कळवण्यासारखं काही नाही.

मी भ्यालो आहे असं तुझ्या कानावर आलं असेल, तर ते आमच्या सासूबाईंनी पसरवलं आहे हे लक्षात ठेव. ज्या माणसाच्या लाथेनं केळीचं झाड आडवं व्हायचं, ज्याला सगळा उबोन जिल्हा ‘मून नदीचा वाघ’ म्हणायचा, तो एका खड्याला भिईल का? दुखणं सुरू झालं तेही मर्दासारखं, भर रिंगणात. देवळाच्या जत्रेत कुस्ती-मुष्टीचे सामने होते आणि मी पंच होतो. दोघे पोरगे गुरुवंदना आटोपून समोरासमोर उभे राहिले, मी हात वर केला, आणि कुशीत कुणी तरी तापलेली सळई फिरवली. मी दुमडलो तो कपाळ थेट जमिनीला. आता पंचच वंदना करतोय म्हटल्यावर त्या बिचाऱ्यांना वाटलं, आपलीच काही राहिली. तेही पुन्हा टेकले. ते टेकले म्हणून वाजंत्र्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि वाजंत्री वाजतंय म्हणून पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही हात जोडले. मी तिथं मरणाच्या वेदनेनं विव्हळत होतो, आणि मागून लोक म्हणत होते, बघा, जुना मल्ल, केवढी ही भक्ती!

त्यानंतर सासूबाईंचा उपचार. त्या ज्याला मांजराच्या मिशा म्हणतात तो पाला उकळून त्याचं पाणी मी इतकं प्यायलो की घरातली मांजर माझ्याकडे संशयानं बघायला लागली. सासूबाईंचं म्हणणं, खडा विरघळतोय. खडा मात्र त्या पाण्यावर आंब्याच्या कलमासारखा जोमानं वाढत होता. शेवटी ताप भरला, लघवी लाल झाली, तेव्हा प्रायोंगनं (माझी बायको एरवी बोलत नाही, पण बोलली की विषय संपतो) मला पिकअपच्या मागे तांदळाच्या पोत्यांवर टाकून इथं आणलं.

इथल्या डॉक्टरीण बाई, पिमपा त्यांचं नाव, आपल्याकडच्याच. वयानं आपल्या भाचीएवढ्या. त्यांनी एक्सरेचा फोटो उजेडासमोर धरला. आक्का, मला वाटलं होतं शेंगदाण्याएवढा खडा असेल. ते सांबराचं शिंग होतं. फांद्या फुटलेलं, मूत्रपिंडाच्या प्रत्येक कप्प्यात एकेक फांदी घुसवून बसलेलं. उंटानं तंबूत डोकं घालावं आणि मालकालाच बाहेर काढावं तशातला प्रकार. बाई म्हणाल्या, “बाबा, उजवं मूत्रपिंड असल्याच खड्यानं कधीच वाळून गेलंय. तुम्हाला कळलंसुद्धा नाही. तुम्ही चालताय ते या डाव्यावर.” राजधानीत बाहेरून दणके देऊन खडे फोडायचं यंत्र आलंय म्हणतात, पण एवढ्या शिंगापुढे त्याचंही काही चालायचं नाही. तेव्हा कुशीवर लांब चिरा द्यायचा, बरगडी आड आली तर तिचा तुकडा काढायचा, रक्ताची नळी चिमट्यानं बंद करायची, मूत्रपिंडाभोवती बर्फ भरायचा, मग ते कडेनं पुस्तकासारखं उघडून सगळ्या फांद्या एकेक करून सोडवायच्या, आणि शिवून चिमटा काढायचा. जन्मभर मी बर्फ ग्लासात घातला. तो माझ्यातच घालतील हे कधी मनात आलं नव्हतं.

मी विचारलं, चिमटा काढल्यावर ते पुन्हा चालू नाही झालं तर? बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “बहुतेक वेळा होतं, बाबा.” त्या ‘बहुतेक’ शब्दावर माझ्या पायाखालची फरशी सरकली, आणि मून नदीचा वाघ एक्सरेच्या खोलीत सपशेल आडवा झाला.

तिथंच माझं क्वान उडालं. तुला काय सांगायचं, तूच मला शिकवलंस, की क्वान म्हणजे जीवातला जीव. भीतीनं ते अंगातून उडी मारतं आणि पडल्या जागी बसून राहतं, आणि कुणी तरी आपल्या माणसानं जाऊन, हाका मारून, मासे उपसायच्या जाळीत उचलून घरी आणावं लागतं. सासूबाई दुसऱ्याच दिवशी जाळी खांद्यावर टाकून आल्या. दारावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, “आजी, इथं मासे कुठले?” त्या म्हणाल्या, “मासे नाहीत रे, जावई पडलाय आत. नगच निघालाय एक, पण लेकीचा आहे, उचलायला नको?” मग एक्सरेच्या खोलीत उकडलेलं अंडं, भाताचा गोळा आणि माझा सदरा ठेवून त्यांनी फरशीवरून जाळी फिरवली आणि हाक मारली. हाक कसली, दमच दिला: “येतोस की नाही, की येऊ तिकडे?” आक्का, तूच सांग, अशा हाकेला कुणाचं क्वान येईल? माझं तर कपाटामागे जाऊन आणखी आत दडलं असेल.

पण जाळीत काही तरी आलं. घोटाळा आहे तो इथं. मी पडलो त्याच्या आदल्याच दिवशी त्याच खोलीत, त्याच फोटोच्या खुर्चीवरून आणखी एक गृहस्थ बेशुद्ध पडले होते. ते माझ्या शेजारच्या खाटेवर आहेत. नाव केंग हुआ, आम्ही केंगकाका म्हणतो. त्यांच्याही मूत्रपिंडात शिंग. आणि धंदा काय, तर शवपेट्यांचं दुकान. (मला वॉर्डात दुसरी खाट नव्हती का, हे मी नर्सला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिनं मला टोचलं.) क्वान आलं की नाही, आणि कसं आलं, ते अंड्यावरून कळतं म्हणतात; सासूबाईंनी ते अंडं सोललं तर आतून गुळगुळीत, गुबगुबीत, एक खळगा नाही. त्या खूश झाल्या, म्हणाल्या शुभ आहे. मी मनात म्हटलं, माझं क्वान गुबगुबीत कधीपासून? मी हाडकुळा माणूस. गुबगुबीत केंगकाका आहेत!

तेव्हापासून बघ. मला तिखट-खारवणाशिवाय घास न उतरणाऱ्याला सारखे तिळाचे गोड लाडू आठवतात. वॉर्डात कुणी नवीन आलं की मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघतो आणि मनात येतं, याला लांब लागेल. इकडे केंगकाका, ज्यांनी आयुष्यात माशी मारली नाही, ते दुपारी झोपेत खाटेच्या कठड्याला लाथा मारतात, आणि तंत्र अगदी माझं! परवा औषधाची वाटी उडवली. सगळा वॉर्ड आमच्या दोघांच्या खाटांचे आकडे लॉटरीला लावून बसला आहे, आणि खडे निघाले की वजन आधी आम्हालाच सांगा म्हणून नर्सच्या मागे लागला आहे. आमचं काय होईल ते कुणी विचारत नाही.

पहिल्या दिवशी केंगकाका मला धीर द्यायचे. लाकूड कुठलं चांगलं, वाळवी कशाला लागत नाही, असा त्यांच्या परीनं धीर. काल मात्र छताकडे बघत म्हणाले, “थोम, मी एवढी माणसं पोचती केली. पण परत येऊन कसं काय होतं ते सांगणारं गिऱ्हाईक एकही नाही रे.” त्यांचंही ऑपरेशन शुक्रवारीच आहे, माझ्या आधी.

आता खरं लिहितो, आक्का. मी भ्यालो आहे. पाचावर धारण बसली आहे. रिंगणात समोरचा दिसायचा, त्याचे हात दिसायचे. इथं मला झोपवून उघडणार आणि मी हजरच नसणार. क्वान अंगात टिकून राहावं म्हणून गावानं मनगटावर बांधलेले दोरे आहेत. नर्स म्हणाली आत चालणार नाहीत. मी लहान पोरासारखा हात पाठीमागे लपवला. पिमपाबाईंनी ते बघितलं, स्वतःच्या बाहीखालचा एक मळका दोरा दाखवला, आणि माझे दोरे पायाच्या घोट्याला बांधून वर पट्टी चिकटवली. त्यांना मी जाळीचंही विचारलं. म्हणाल्या, “आत नाही बाबा. दाराबाहेर कुणी उभं राहिलं तर मी काही बघितलं नाही.”

बरं, पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा
बुनथोम

ता. क. – तू यायची मुळीच गरज नाही. एवढा प्रवास, तुझे गुडघे, शिवाय इथं प्रायोंग आहे. हे फक्त कळवण्यासाठी लिहिलं.

आणखी ता. क. – हे पत्र घेऊन येणारा बसवाला आपल्या शेजारच्या गावचा आहे. तो गुरुवारी सकाळी तिकडून परत निघतो. पुढची, पाय लांब करता येतील अशी जागा त्यानं तुझ्यासाठी राखली आहे. (मी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण फार आग्रह केला नव्हता.)

त्याहून आणखी – सासूबाईंची जाळी नको. तुझी घेऊन ये. मी पुरात पडलो होतो, बाहेर काढल्यावर जेवेना की बोलेना, तेव्हा आईचं न ऐकता तू जाळी घेऊन मून नदीवर गेलीस आणि म्हणालीस, “ये थोम, पाण्यात राहू नकोस. भात वाफाळतोय, तुझा मासा मांजरीपासून लपवून ठेवलाय.” मी घरात होतो, पण मला ते ऐकू आलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. शुक्रवारी दाराबाहेर उभी राहून तेच म्हण. कितीही आत असलो तरी मी येईन.

शेवटचं – केंगकाकांचे मुलगे येणार नाहीत, दुकानात गिऱ्हाईक आहे. मी हे लिहितोय आणि केंगकाका मघापासून इकडेच बघताहेत. तू त्यांचंही नाव घे. आधी त्यांचं, कारण ते आधी आत जाणार. कुणाचं काय कुणात गेलंय ते आम्ही मागाहून भांडून ठरवू. भात मात्र दोघांपुरता शिजलाय असं म्हण.