दुसऱ्या मजल्यावरील मुक्त स्रोताचे सील काढण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
पाणीपुरवठा विभाग, तळमजला
(आपल्याच इमारतीत, जिन्याने खाली)

विषय : नकाशा कक्षातील तीन जुन्या संगणकांना विहीर समजून ठोकलेले सील काढून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) मुक्त स्रोत झाकण्याबाबतचे आपले परिपत्रक. २) स्रोत निरीक्षकांचा पंचनामा. ३) माझे याआधीचे चार अर्ज. (पोच आहे, उत्तर नाही.)

महोदय,

१. प्रारंभीच नम्रपणे नमूद करते की दुसऱ्या मजल्यावर विहीर नसते. हे आपणास माहीत असणारच, परंतु आपल्या सहीच्या कागदावर ती आहे, म्हणून लिहावे लागते. मी या कार्यालयात एकोणतीस वर्षे नकाशे काढते आणि चार महिन्यांनी निवृत्त होते. माझ्या कक्षात तीन संगणक आहेत. ते खास नकाशाच्या कामासाठी बनवलेले असून सत्तावीस वर्षांचे आहेत व त्यांचा एकेक पडदा उचलायला दोन माणसे लागतात. आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो. त्या बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. मधली सध्या सुट्या भागांपुरती उरली आहे. तिच्या अंगावरचे काढून आम्ही थोरलीला घालतो आणि मधली बिचारी हूं की चूं करत नाही.

२. थोरलीच्या पोटात शहरातल्या ३८६ व्हॉल्व्हचा नकाशा आहे. हा नकाशा माझा म्हणून नोंदला गेला आहे, पण तो माझ्या वडिलांचा आहे. ते या कार्यालयाचे चावीवाले होते. चौतीस वर्षे लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्यांनी पाणी सोडले आणि बंद केले. या काळात रस्ते तीनदा वर आले, व्हॉल्व्ह होते तिथेच खाली राहिले, आणि कुठला कुठे गाडला गेला हे त्यांच्याखेरीज कोणालाही सांगता येत नव्हते. निवृत्तीच्या वर्षी ते एक आख्खा उन्हाळा माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले. ते सांगत गेले आणि मी नकाशावर एकेका ठिपक्याशेजारी लिहीत गेले. कार्यालयीन भाषेत लिहू का, असे मी विचारले असता, व्हॉल्व्हला कार्यालयीन भाषा कळत नाही, तू मी सांगतो तसंच लिही, असा त्यांचा आदेश झाला. त्यामुळे नोंद क्र. ५८ पुढीलप्रमाणे आहे : "शिंप्याच्या दुकानासमोर, उंबऱ्यापासून तीन पावलं. माझी पावलं, बायामाणसांची नव्हे. शिंपी कुरकुर करेल. त्याला सांगा, आधी व्हॉल्व्ह होता, मग तुझं दुकान." सदर नोंदीच्या आधारे चार वर्षांपूर्वी खोदकाम केले असता व्हॉल्व्ह बरोबर तिथे सापडला. शिंपीही बरोबर कुरकुरला.

३. तीन वर्षांपूर्वी थोरलीच्या मूळ कार्यप्रणालीने मान टाकली. नवीन संगणकावर हा नकाशा उघडून पाहिला, तर रेषा दिसतात, पण त्या काळचा अक्षरांचा साचा आता कुठल्याच संगणकाला ओळखता येत नसल्याने अक्षरांच्या जागी चौकोन येतात. ३८६ ठिपके आणि प्रत्येकाशेजारी चौकोनांची माळ. संगणक शाखेने त्यावर "नकाशा उघडतो" असा शेरा मारून प्रकरण निकाली काढले. मग गेल्या वर्षी माझी सून पुढे आली. ती संगणकाचेच काम करते. तिने थोरलीवर मुक्त स्रोत कार्यप्रणाली बसवायचे ठरवले. साहेब, या प्रकारच्या कार्यप्रणालीची सगळी आतली बांधणी लिहिणाऱ्यांनी जगासमोर उघडी ठेवलेली असते. कोणीही ती वाचावी, दुरुस्त करावी, आपल्या यंत्राच्या मापाने आत घ्यावी किंवा सैल करावी. 'मुक्त स्रोत' याचा अर्थ एवढाच आहे. यात पाणी कोठेही येत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

नवी प्रणाली आणि जुने यंत्र यांचे जमायला चार महिने लागले. माझे आणि सुनेचे जमायला त्याहून जास्त लागले होते, त्यामुळे आम्ही दोघींनी धीर सोडला नाही. पहिल्या महिन्यात थोरली माऊस ओळखेना. दुसऱ्यात कळफलकावरची एक कळ दाबली की दोन अक्षरे उमटू लागली. तिसरा महिनाभर पडदा गुलाबी होता आणि आख्खे शहर लाजल्यासारखे दिसत होते.

४. याच काळात मी "ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर उपलब्ध नाही, तरी मिळावा" असा अर्ज केला होता. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम. आपल्या कार्यालयाने कधी नव्हे ती तत्परता दाखवून आठव्या दिवशी वाहन शाखेतून एक ड्रायव्हर पाठवला. तो परवान्यासह हजर झाला आणि गाडी कुठे आहे म्हणाला. मी पडद्याकडे बोट दाखवले. त्याने बराच वेळ पाहिले आणि ही आपल्या परवान्यात बसत नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले. त्याला परत पाठवण्याचा आदेश मात्र आजतागायत निघालेला नाही. माणूस फार भला आहे. पडदा उचलायला दोन माणसे लागतात असे वर म्हटले आहे. तो एकटा पुरतो. खरा ड्रायव्हर पुढे सुनेला सापडला. दूर कुठल्यातरी देशी राहणाऱ्या, कोणी कधी न पाहिलेल्या एका म्हाताऱ्याने स्वतःच्या जुन्या यंत्रासाठी तो लिहून सर्वांसाठी मोकळा ठेवला होता. तो बसवताच गुलाबी रंग गेला, थोरलीला तिचा जुना साचा ओळखू आला आणि अक्षरे आली. मी पहिलीच नोंद वाचली आणि रडले. कार्यालयीन वेळेत रडल्याबद्दल क्षमस्व.

५. आता मूळ तक्रार. गेल्या महिन्यात सर्व कक्षांना एक विवरणपत्र आले. त्यात "संगणकाची कार्यप्रणाली" या रकान्यापुढे मी खरे तेच लिहिले : मुक्त स्रोत. खोटे लिहिले असते तर आज हा अर्ज लिहायची वेळ आली नसती. विवरणपत्र स्रोत शाखेकडे गेले. त्याच आठवड्यात "हद्दीतील सर्व मुक्त स्रोत झाकावेत अथवा सील करावेत" हे आपले परिपत्रक निघाले होते. स्रोत निरीक्षक दोर, नमुन्याची बाटली आणि जंतुनाशक भुकटीची पिशवी घेऊन जिना चढून आले. धापा टाकत होते, म्हणून मी त्यांना आधी बसवले. स्रोत कोठे आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा मी, मूर्खासारखी, थोरलीकडे हात केला. माझ्या डोक्यात माझा स्रोत होता आणि त्यांच्या डोक्यात त्यांचा.

पंचनामा सोबत जोडला आहे. आपल्या सोयीसाठी ठळक बाबी देते. "स्रोताची खोली" यापुढे "बारा बाय चौदा, दोन खिडक्या" असे आहे. "पाण्याचा रंग" यापुढे "निळसर, मध्येच लुकलुकतो". "बेडूक, कासव वा अन्य जलचर" यापुढे "एक उंदीर, वायर असलेला". "स्रोताचा वापर कोण करते" यापुढे "एक बाई व तिची सून", आणि "गर्दी होते का" यापुढे "ड्रायव्हर बसलेला असतो". निरीक्षक अडाणी आहेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. संगणक आहे हे त्यांना दिसत होते. पण बाई, कागदावर स्रोत आला की सील आलेच, मी माझ्या नोकरीला का मुकू, असे ते काकुळतीने म्हणाले. त्यांचीही दोन वर्षेच राहिली आहेत. मग त्यांनी तिघींनाही तार गुंडाळून लाखेचे सील केले, थोरलीवर पत्र्याचे झाकण ठेवले आणि दारावर "पाणी पिण्यास अयोग्य" अशी पाटी लावली. तेव्हापासून कर्मचारी पाण्याची बाटली घेऊन माझ्या दाराशी येतात, पाटी वाचतात आणि मान हलवून परत जातात.

६. सील काढण्यासाठी मी स्रोत शाखेकडे अर्ज केला असता, पाण्याचा नमुना पिण्यायोग्य आल्यावरच स्रोत खुला करता येतो, असे कळवण्यात आले. मी नमुना देण्यास तयार आहे. कोणी कसा घ्यावा ते सांगावे.

थट्टा पुरे. माझे म्हणणे असे आहे. अक्षरे परत आल्यापासून मी रोज थोरलीवर एकेक नोंद वाचून नव्या संगणकावर हाताने उतरवत होते, म्हणजे मी गेल्यावरही ती कोणालाही वाचता येईल. १४३ नोंदी झाल्या. १४४ वर सील पडले. निवृत्तीला चार महिने आहेत, आणि मी गेल्यावर या जुन्या यंत्रांशी कोणी झटणार नाही, ती भंगारात जातील. वडील गेल्या हिवाळ्यात वारले. खरे सांगायचे तर एवढ्या नोंदी उतरवायला इतके दिवस लागायचे कारण नव्हते. मी मुद्दाम रेंगाळत होते. दिवसाला एकदोनच उतरवायचे, कारण वाचताना ते स्टुलावर बसून सांगताहेत असे वाटायचे. या दिरंगाईबद्दल माझ्यावर कारवाई झाल्यास माझी ना नाही. मात्र नोंदी वाचवाव्यात.

७. काल सोमवारी आपल्या कार्यालयासमोरची मोठी जलवाहिनी फुटली. आज मंगळवार आहे. फाटकात घोटाभर पाणी आहे, आणि आपली गाडी कालपासून तिथेच उभी आहे, असे ड्रायव्हरने खिडकीतून पाहून सांगितले. सगळे पथक व्हॉल्व्ह शोधत रस्ता खोदत आहे. तो रस्त्यात नाही. तो क्र. २१७ आहे आणि त्याची नोंद सील केलेल्या थोरलीत आहे.

आधी सील काढा, मग सांगते, असे लिहावे म्हणून मी कागद पुढे घेतला होता. पण ते वडिलांना चालले नसते. पाणी वाया जाताना पाहिले की त्यांना घास गोड लागत नसे. आणि ही एकच नोंद मला तोंडपाठ आहे, कारण तिच्यात मी आहे. तरी ती विनाअट देत आहे :

"क्र. २१७. हापिसाच्या आवारात, मोठ्या साहेबांच्या पायरीलगत, डावीकडची जास्वंदीची कुंडी. तिच्याखाली. कुंडीला बूड नाही, सरळ उचलायची. हा व्हॉल्व्ह उलटा बसलाय, बाकीच्यांसारखा फिरवलात तर आणखी उघडेल. डावीकडे अकरा फेरे. थोडा झिरपतो. मला माहितीये. मुद्दाम दुरुस्त केला नाही. जास्वंद लेकीनं नोकरीला लागली त्या आठवड्यात लावलीय, आणि या हापिसात झाडाला पाणी कोण घालतंय? उचलताना मुळं जपा."

पाणीपुरवठा विभागाच्या आवारात एक व्हॉल्व्ह इतकी वर्षे जाणूनबुजून गळता ठेवण्यात आला, ही गंभीर अनियमितता आहे हे मी मान्य करते. संबंधित कर्मचारी हयात नसल्याने खुलासा मागवता येणार नाही. ती जास्वंद कधीच कशी सुकत नाही, असे आपण मागे एकदा मला कौतुकाने विचारले होते. त्याचे उत्तर तेव्हा देता आले असते, पण दिले नाही.

तरी महोदयांनी कुंडी उचलण्याचा आदेश द्यावा, आणि त्यानंतर सवड झाल्यास माझ्या अर्जाचा विचार करावा, ही विनंती. उरलेल्या २४२ नोंदी मला पाठ नाहीत.

आपली नम्र, वर बसून वाट पाहणारी,

(सही)
वरिष्ठ आरेखक, नकाशा कक्ष
मंगळवार, सकाळी अकरा

सोबत :
१. पंचनाम्याची प्रत.
२. नमुन्याची बाटली, रिकामी. (निरीक्षक विसरून गेले होते.)
३. चावीवाल्यांची लोखंडी चावी, एक. ड्रायव्हर घेऊन खाली येत आहे. काम झाल्यावर परत मिळावी, ती घरची आहे.