समोरच्या खुर्चीत कोण?

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, घातला असं समज.) तुझा गुडघा आणि तुझा दमा, दोघांची तब्येत कशी आहे? मी शिडीवरून पडलो आणि तू शिडी सोडलीस असं चारचौघांत म्हणालो, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासूनचा आपला अबोला कायम आहे. पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

अक्षर एवढं मोठं का, तर डोळ्यांनी मधोमध काम सोडलंय. कडेचं दिसतं, समोरचं पुसलेलं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता स्वतःच्या दारावरची वाचता येत नाही. तेवढ्यावर भागतं तर ठीक होतं. पण गेल्या महिन्यात न्हाणीघरात एक टोपीवाली बाई बादलीवर बसलेली दिसली. मी टॉवेल सावरत, माफी मागत बाहेर आलो. सुनेने आत पाहिलं, तर नुसती बादली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे वेड नव्हे. मेंदूत म्हणे पेशी असतात, कोणी फक्त रेघ ओळखते, कोणी रंग, कोणी चेहरा. डोळ्याकडून काम येईनासं झालं की त्या आपल्या मनाने चित्रं काढत बसतात. (म्हणजे त्याही रिटायर पेंटरच की!) मात्र ही माणसं बहुधा अनोळखी असतात, आणि बोलत नाहीत. बोलला तो खरा, न बोलला ती पेशींची करामत.

मग मंगळवारपासून माझ्या समोरच्या वेताच्या खुर्चीत तू का बसलायस? तोच शिडीच्या दिवशीचा, हिरव्या रंगाचे डाग पडलेला शर्ट. सुनेचा चेहरा मला दिसत नाही, तुझा मात्र लख्ख. भीती वाटते रे. बोलत नाहीस, पण खरा तू तरी कुठे बोलला असतास? बाईंची परीक्षाच फुकट गेली. सुनेला विचारावं तर म्हणेल, म्हातारा कामातून गेला. हात लावून बघावा आणि तूच निघालास, तर आधी हात मी पुढे केला असं होईल. ते या जन्मी व्हायचं नाही.

लोभ आहेच, दाखवत नाही इतकंच.

तुझा धाकटा

ता.क. घरी असलास तर उलट टपाली दोन ओळी टाक. आहेस, एवढं कळू दे. इथे असलास तर नुसतं खोक.

ता.क. आणखी एक. शिडी तू सोडली नव्हतीस. पाय माझाच घसरला होता.

ता.क. आज सकाळी हात लावला. हाताला कोणी लागलं नाही, पण खुर्ची कोमट होती. सून म्हणते, तिथे ऊन येतं. ऊन येतं ते दुपारी. तू अजून बसलेलाच दिसतोस. पत्र पेटीत टाकायला देतोय. उत्तर नाही आलं, तर निदान उठून जाऊ नकोस.