बिनपगारी गौतमी

५ नोव्हेंबर २००६, रविवार
पोरगी आजबी सकाळपासून कॉम्प्युटरपुढं. पुण्याच्या कंपनीचं काम म्हणावं तर न्हाई. दौंडच्या आपल्या विहारातल्या वाचनालयासाठी गौतमीनं एक प्रोग्राम केलाय — कुठलं पुस्तक कुणी नेलं, कवा परत आलं, ते दाखवतो. तो तिनं इंटरनेटवर ठेवलाय. कुणीबी घ्या, आतलं सगळं उघडं, पायजे ते बदला, पैसे नकोत. विचारलं, कुणी सांगितलं हे? तर हसली. "कुणी न्हाई, आबा."
कुणी सांगितल्याबिगर कोण राबतं? काहीतरी लपवतीय.

७ नोव्हेंबर
रंभा म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या भाजतीय तुमची पोरगी. चांगलं काही केलं की मात्र पोरगी आईची असते.

९ नोव्हेंबर
पुण्याहून शटल गाडीनं दमून येते आन् परत तेच. इंटरनेटपायी फोन सारखा अडकलेला. जर्मनीत कुणी मार्टिन हाय, त्याच्या कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या येतात. लग्नाबिग्नाचं म्हणावं तर तसंबी वाटत न्हाई. माझ्या मते हा मुकादम असणार. काम हिच्याकडनं काढून घेतोय, नाव स्वतःचं लावतोय. ही म्हणते, "मार्टिनचं आज बघायलाच पायजे."
बघायलाच पायजे! मी अठ्ठावीस वर्सं रेल्वेच्या गँगमधी घाम गाळला, पण सही करून पगार घेतला.

१२ नोव्हेंबर, रविवार
आज बोललोच. म्हणालो, तुझा आजा गावाकडं लाकडं फोडायचा, सांगावे न्यायचा, मेलेली ढोरं ओढायचा. मोबदला काय, तर शिळी भाकर. धम्म घेतला तवा ते सोडलं आपण. तू शिकूनसवरून परत फुकट राबतीस?
"हे तसलं न्हाई, आबा. मला बरं वाटतं."
बरं वाटतं म्हणून कुणी राबतं व्हय? तसं म्हणालो, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवली न्हाई. मलाबी घास गेला न्हाई.

१४ नोव्हेंबर
कॉम्प्युटरवर फडकं टाकलंय. माझ्याशी बोलत न्हाई.

१७ नोव्हेंबर
फडकं तसंच. माझं ऐकलं तिनं, पण घरात सुतक असल्यागत झालंय. रंभा म्हणते, आता बसा उगी.

१९ नोव्हेंबर, रविवार
मीच फडकं काढलं. म्हणालो, दाखव त्या मार्टिनचं. तो तिकडं एका वाचनालयात कामाला हाय. प्रोग्राम गौतमीचाच, वर नाव तिचं. हा त्यात दुरुस्ती करून धाडतो, आन् ती घ्यायची का न्हाई ते गौतमी ठरवते. दोनदा तिनं परत धाडली, नीट कर म्हणून. त्यानं केली. त्याला पगार कोण देतं? कुणीच न्हाई. सात दिवस झाले, हिच्या उत्तराची वाट बघतोय.
माझा बाप पाटलाच्या दारात उन्हात उभा राहायचा, व्हय का न्हाई ते ऐकायला.
म्हणालो, "लई ताटकळत ठेवू नको त्याला."