ज्यानं ब्रेक केले त्यानं बसायचं

आण्णा, मला तुमच्या मुलाची किळस येते. इतक्या वर्षांनी तुमच्याशी बोलायला बसावं आणि पहिलंच वाक्य असं निघावं, हे बरं नाही, मला कळतं. पण तुमच्यामागून आईही गेल्यापासून त्याच्याबद्दल ज्याच्यापाशी तक्रार करावी असं कुणी उरलेलं नाही. शिवाय तो आधी तुमचा मुलगा, मग माझा भाऊ. तेव्हा तुम्हीच ऐका.

वेल्ह्याच्या बाजारातलं तुमचं गॅरेज तोच चालवतो. पत्रा नवा घातलाय, पाटीवर नाव अजून तुमचंच आहे. मी व्हॅन चालवते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. वेल्ह्यातल्या आणि वाटेवरच्या गावांतल्या मुलींना सकाळी नसरापूरला कॉलेजात सोडते, दुपारी परत आणते. तुम्ही गॅरेज त्याला दिलंत आणि मला दिलंत फुटक्या लाऊडस्पीकरमधलं लोहचुंबक, खाली सांडलेले नट-वॉशर गोळा करायला. ते अजून माझ्या सीटखाली आहे. त्या वाटणीचा राग मी केव्हाच गिळून टाकला होता. या पावसाळ्यात तो सगळा परत वर आला.

ब्रेकच्या दिवशी आपल्या घरात जेवण उशिरा व्हायचं, आठवतं? आई चुलीपुढे बसली आहे, पिठलं आळून घट्ट गोळा झालंय, भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या, आणि ती करवादते आहे, "येतील आता पाब्याहून. तवर बसा समदी उपाशी." कारण ज्या जीपचे ब्रेक तुम्ही केलेत, ती पहिल्यांदा पाबे घाट उतरताना तुम्ही तिच्यात मालकाशेजारी बसणार. मालक नको नको म्हणाला तरी बसणार. "म्या केल्यात, म्याच बसनार." खाली आल्यावर रॉकेलनं हात धुणार आणि मगच पाटावर येणार. एकदा मी ग्रीसच्या बोटांनी ब्रेकच्या नव्या लायनरला हात लावला होता; ग्रीस लागलं की लायनर चाक धरत नाही. तुम्ही मारलं नाहीत. माझ्या हातात चिंधी दिलीत. "पूस. आनखी पूस. जातंय का? न्हाई ना जात? मंग ही जोडी आता कुनाच्या गाडीला लागायची न्हाई." भाऊ तिथंच उभा राहून मला हसत होता. म्हणजे ऐकलं त्यानंही होतं.

आताच्या गाड्यांना एबीएस म्हणून एक सोय असते. ब्रेक कितीही जोरात दाबला तरी ती चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे गाडी घसरत नाही, वळवाल तिकडे वळते. त्यासाठी प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, चाक किती जोरात फिरतंय ते तो सांगत राहतो. त्यात काही बिघडलं की काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा लागतो आणि लागूनच राहतो. पावसाळ्याच्या तोंडाशी मी पुढच्या चाकांचं काम काढलं, डिस्क, पॅड आणि घरघर करणारं डावं बेरिंग. सामान भोरहून आणलं, काम अर्थात तुमच्या गॅरेजात. गाडी बाहेर काढली आणि पिवळा दिवा लागला तो विझेना. तुमचा मुलगा म्हणाला, "नवा माल हाय आक्का, बसंल हळूहळू. चालव तू." चालवली. दिवा काही जाईना, म्हणून परत नेली. त्यानं ती दुपारभर ठेवून घेतली, मला खुर्ची दिली, स्वतःच्या हातानं चहा आणून दिला, आणि संध्याकाळी म्हणाला, "बघ, गेला का न्हाई?" गेला होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, आण्णा. म्हटलं, आण्णांचा हात आलाय तुला.

दुसऱ्या दिवसापासून त्याची मुलगी माझ्या गाडीत येईनाशी झाली. अकरावीला आहे, रोज माझ्या मागच्या सीटवर बसून कानाशी बडबड करायची. तो म्हणाला, "तिला गाडी लागतीया, मळमळतं. मीच सोडतो मोटरसायकलवर." मला वाटलं, लाडाची लेक आहे, करू दे लाड.

मग भातलावणीआधीच्या चिखलणीचे दिवस आले. शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना लागलेला चिखल डांबरी रस्त्यावर सांडत जातात, आणि वर पावसाची भुरभुर असली की त्याचा नुसता साबण होतो. उतारावरच्या वळणाला समोर म्हशी आल्या. ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवलं, आणि गाडी वळलीच नाही. चाकं जाम होऊन ती सरळ ओढ्याच्या कठड्याकडे निघाली. मागे पोरींचा एकच ओरडा. कठड्याला घासून थांबली. कुणाला काही झालं नाही, पण खाली उतरून पाहिलं तर कठड्यापलीकडे पाणी किती खोल होतं ते मला दिसलं. सगळ्याजणी चिखलाला शिव्या देत होत्या. मीही दिल्या.

पण मनात एक गोष्ट खुपत राहिली. चाकं जाम झालीच कशी? दिवा तर विझलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुसती चावी फिरवली, इंजिन चालू केलं नाही, आणि दिव्यांकडे बघत बसले. तो पिवळा दिवा चावी फिरवल्यावर क्षणभर लागतो आणि आपला आपण विझतो, हे मी रोज बघत आले होते. आता तो विझेना. शेजारी ऑईलचा लाल दिवा, इंजिन चालू झाल्यावरच विझणारा, तोही लागलेला. इंजिन चालू केलं, आणि दोन्ही एकदम विझले. परत केलं. परत एकदम. आण्णा, पिवळा दिवा आता ऑईलच्या दिव्यामागे चालत होता.

मी गाडी रिकामी घेतली, सावकाश हाकत नसरापूरला नेली आणि हायवेच्या कडेच्या एका मिस्त्रीकडे लावली. त्यानं स्कॅनर लावला, डाव्या चाकाचा निरोपच येत नव्हता. चाक उघडलं. या बेरिंगच्या एका बाजूला चुंबकाची कडी असते, ती आत सेन्सरकडे तोंड करून बसवायची. ती बाहेर होती. मिस्त्रीनं लोखंडाचा कीस टाकून दाखवला, बाहेरच्या बाजूला चिकटला. "उलटं बसवलंय," तो म्हणाला. मग त्यानं डॅशबोर्ड खोलला, आणि मला आत बघायला बोलावलं. पिवळ्या दिव्याची वायर कापून ऑईलच्या दिव्याला जोडली होती, वर नीट टेप गुंडाळून. "बाई, बेरिंग उलटं बसतं. चूक हुती मानसाकडून. ह्यो जोड काय चुकून हुत न्हाई. कुनी केलं ह्ये?"

मला 'माझ्या भावानं' म्हणता आलं नाही. "हाय एक," म्हटलं, आणि बाहेर जाऊन उभी राहिले. त्याच्या हातचा तो चहा आठवला.

इथपर्यंतसुद्धा मी त्याला आळशी म्हटलं असतं, नालायक म्हटलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण बेरिंग बदलून होईपर्यंत मी स्टँडवर चहा प्यायला गेले, तिथं भाची भेटली. मी विचारलं, "मळमळतंय का गं अजून?" ती हसली. "मला कुठं गाडी लागती, आत्या? पप्पाच म्हनले, आत्याच्या गाडीत बसायचं न्हाई. का ते सांगत न्हाईत."

कळलं ना, आण्णा? त्याला ठाऊक होतं. चिखलात काय होईल ते ठाऊक होतं. म्हणून त्यानं स्वतःची लेक तेवढी काढून घेतली, आणि बाकीच्यांच्या लेकी माझ्यामागे बसवून ठेवल्या. मीही त्यातच. ज्याचा बाप ब्रेक केले की आधी स्वतः बसायचा, त्यानं हे करावं. शिसारी हा शब्द मी आजवर कुजलेल्या गोष्टींसाठीच वापरत होते.

त्या दिवशी मुलींच्या आयांना मी खरं सांगितलं, की ब्रेकमध्ये दोष होता आणि तो आता काढलाय. आता दिवा आपला आपण विझतो. दोन बायकांनी मुली काढून घेतल्या, त्यांना मी दोष देत नाही.

मग मी गॅरेजात गेले. नसरापूरचं काही सांगितलं नाही. म्हटलं, "चल, पाब्याला जाऊन येऊ. ब्रेक तू केलेस ना? आण्णा बसायचे, तसं तूही बस."

"आत्ता? काम पडलंय, आक्का."

"आण्णांनापण काम असायचं."

गिऱ्हाईक समोर उभं होतं, नाही म्हणता येईना. बसला. घाट चढेपर्यंत पावसाबद्दल बोलत होता. उतरायला लागलो तसा रस्त्याकडे बघू लागला. मी गाडी थोडी सोडली.

"आक्का, दमानं. फुडं खडी हाय."

"असू दे की. ब्रेक तुझेच आहेत."

आणखी सोडली. त्यानं वरची कडी धरली, दुसऱ्या हातानं सीट. "आक्का, पाया पडतो तुझ्या, हळू घे!" तेव्हा मी ब्रेकवर उभी राहिले. पायाखाली पेडल थरथरलं, चाकातून घर्र घर्र आवाज आला, आणि गाडी सरळ रेषेत थांबली. तो एबीएस चालत असल्याचा आवाज आहे, हे त्याला बरोबर कळलं. कपाळाचा घाम पुसून माझ्याकडे बघत तो एवढंच म्हणाला, "कुनाकडनं करून आनलंस?"

चुकलो म्हणाला नाही. पोरींचं विचारलं नाही. मी म्हटलं, "उतर." तो उतरला, आणि मी त्याला तिथंच सोडून आले. चालत आला असेल.

भाची कालपासून परत माझ्या मागच्या सीटवर बसते. आईशी भांडून येते म्हणे. हा कागद पाठवायचा कुठे, तो घडी करून सीटखाली तुमच्या चुंबकाजवळ ठेवणार आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. घाटात ब्रेक दाबायची काही गरज नव्हती. समोर कुणी नव्हतं, मी आधी बघून घेतलं होतं; मला त्याला घाबरवायचंच होतं. घाबरल्यावर त्याचा चेहरा अगदी तुमच्यासारखा झाला, शेवटच्या आजारपणातल्या तुमच्यासारखा. आणि तरीही आण्णा, तो चेहरा बघायला मला आवडलं.