डाव्या कुशीची पाच पत्रं

बेंगळूर, चिकपेट
रविवार, ता. ११ ऑगस्ट १९९६

दादा,

तर मग संशय कुणी घ्यायचा, तूच सांग. मागच्या पत्रात तू लिहिलंस की परगावी राहून माझं डोकं फिरलंय, घरच्यांवर विश्वास राहिला नाही. उशी पोचली, अहल्या ती रोज वापरते, शपथेवर सांगतो, असं लिहिलंस. शपथ कुणाची घेतलीस ते लिहिलं नाहीस.

नमस्कार राहिला. आईला साष्टांग नमस्कार, वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. मी खुशाल आहे. इथं पाऊस असा तसाच, आभाळ तेवढं दिवसभर भरलेलं. झाली खुशाली. आता पुढचं बसून वाच, आणि वाचताना वहिनीला जवळ बोलाव. तिलाही कळू दे.

गुंडो परत आला. शेजारच्या गावचा तो, माझ्याच दुकानात गाद्यांच्या खोळी शिवतो, तुला ठाऊक आहे. रोप लावायला दहा दिवस गेला होता. मी त्याला सांगून ठेवलं होतं, आमच्या घरी जा, अहल्येला बघ, उशी लांबीला पुरते का विचार, कमी पडत असेल तर दुसरी करतो. आल्यापासून दोन दिवस हा माझ्याकडं बघायलाच तयार नाही. जेवताना पाठ करून बसायचा. काल मी त्याच्या हातातलं दाभण काढून घेतलं, तेव्हा बोलला.

"तुझी उशी गोठ्याच्या माळ्यावर आहे. उंदरांनी फोडलीय. घरात घेतलीच नाही त्यांनी."

दादा, ती उशी मी कशी केली ते तुला सांगितलं नव्हतं. आमच्या मालकांची, अप्पासाहेबांची सून संयोगिताअक्का. ही माणसं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, त्यामुळं निम्मं कानडी बोलतात. तिलाही दिवस गेलेत. चैत्रात ती दुकानात आली आणि मला एक लांब उशी करायला सांगितली, माणसाच्या उंचीची. कशाला विचारलं तर म्हणाली, डाक्टरणीनं सांगितलंय. पोट वाढलं की उताणं झोपायचं नाही, पोटाचं सगळं ओझं आतल्या मोठ्या शिरेवर येतं, आईचं आणि पोराचं रक्त अडतं. डाव्या कुशीवर झोपायचं. एक गुडघा दुमडून खाली उशी, थोडी पोटाखाली, पाठीलाही टेकण. अंग अवघडलं तर घडीभर उजव्या कुशीवर चालतं. जाग आल्यावर उताणं झालेलं दिसलं तर घाबरायचं नाही, परत वळायचं, बस.

मी तिला विचारलं, अक्का, कूस बदलताना उठून बसायचं ना? आमच्याकडं सांगतात, उठून न बसता वळलं की नाळ पोराच्या गळ्यात गुंडाळते. ती हसली नाही. तिनं मला नीट समजावलं. ती पुढच्या महिन्यात तपासायला गेली तेव्हा माझ्यासाठी डाक्टरणीला मुद्दाम विचारून आली. म्हणाली, "पिराजी, नाळेचं आणि कुशीचं काही नातं नाही. तुझ्या बायकोला सांग, पडल्या पडल्या वळ."

तिची उशी झाल्यावर मी अहल्येसाठी दुसरी केली. दुपारच्या सुट्टीत, आठ दिवस. मालक येता-जाता म्हणायचे, स्वल्प बेताने भर रे, माझ्या दुकानात कापूस ठेव थोडा. कापसाचे पैसे मी पगारातून कापून दिले, फुकट घेतला नाही. आत साधा कापूस ठासून, वरून सावरीचा पातळ थर. टणक केली. मुद्दाम टणक केली, कारण नुसत्या सावरीची उशी पोटाखाली दबून जाते आणि मग तिचा काही उपयोग नाही.

आणि तिचं म्हणून आलेल्या पत्रात काय होतं? "आपण पाठवलेली उशी फार मऊ आहे."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणून तुला विचारलं आणि तू शपथ घेतलीस.

चूक माझीही आहे, ती लिहितो. एसटीच्या टपावर भिजू नये म्हणून मी ती कोऱ्या मांजरपाटात गुंडाळली. दुकानातून माल जातो तशी दोन्ही टोकांना बांधली, मध्ये दोन ठिकाणी सुतळी आवळली. गादीवाल्याला त्यात काही दिसत नाही. गुंडोनं काल सांगितलं की तू नि एका गड्यानं मिळून ती खांद्यावरून अंगणात आणली आणि आईनं बघितल्याबरोबर किंकाळी फोडली. पांढऱ्या कापडात बांधलेलं माणसाएवढं लांब काहीतरी, पोटुशी बाई दारात उभी. गेल्या सालचं घडून गेलेलं. आईनं उंबरा ओलांडू दिलं नाही. मला हे ऐकून धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आईला मी काय बोलू? तिच्या जागी मीही ओरडलो असतो.

पण तू मला हे कळवू शकला असतास ना? एक ओळ लिहायची होती. पिराजी, गाढवा, हे काय पाठवलंस. मी दुसरी केली असती, फुलाफुलांच्या चिटात शिवून, गुंडोच्या डोक्यावर देऊन पाठवली असती. ते सोडून तू पत्रं लिहीत बसलास. पाच. अहल्येच्या नावानं.

तिला लिहिता येत नाही, ती सांगते आणि तू लिहितोस, असं मी धरून चाललो होतो. गुंडो तिला म्हणाला, वहिनी, तुमची पत्रं आम्ही दुकानात सगळे ऐकतो. ती म्हणाली, कसली पत्रं?

मी चौथी नापास माणूस. एक पत्र वाचायला मला अर्धा तास लागतो. बोट ठेवून वाचतो. दुकानातली पोरं चेष्टा करतात, बायकोचं पत्र वाचतोस का देवाची पोथी. करू देत म्हणायचो. "डाव्या कुशीवर झाले की बाळ लाथ मारते, उजवीकडे वळले की गप्प बसते. तुमच्यासारखेच हट्टी आहे." हे वाक्य मला पाठ होतं, दादा. कापूस पिंजताना मी ते मनात म्हणायचो. ते तू लिहिलंस. माझ्या पोराची लाथ तू कुणाला विचारून लिहिलीस?

तू म्हणशील, तुझ्या जीवाला घोर नको म्हणून लिहिलं. तू नोकरी सोडून पळत येशील म्हणून लिहिलं. याआधी तीन नोकऱ्या सोडल्या, तेही काढशील. काढ. ते खरं आहे.

जेवायला उठलो होतो. परत बसलो.

ती कशी झोपते हे गुंडोनं सांगितलं ते आता लिहितो, तुला घरात राहून दिसत नसेल तर. आई तिच्या शेजारी झोपते, तिच्या अंगावर हात टाकून. ती जरा हलली की आई उठवून बसवते, मग दुसऱ्या कुशीवर निजवते. आठवा महिना, दर घटकेला उठून बसायचं. तिला ते होईना. म्हणून आता ती आडवीच होत नाही. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटते. पाय सुजून चप्पल चढत नाही. मी काल संयोगिताअक्काला सुजेचं सांगितलं तर तिचा चेहरा बदलला. म्हणाली, आजच्या आज दवाखान्यात दाखवायला सांग, हे थांबायचं काम नाही.

आईचा दोष नाही. ती भिते. गेल्या साली याच महिन्यात पोर पोटातच गेलं, आणि सगळ्या आळीनं तेव्हा एकच विचारलं होतं. आळीचं जाऊ दे.

मी विचारलं होतं. हे तुला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी ती परसात पाटावर बसली होती, दूध आलेलं, छातीला फडकं बांधलेलं. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "तू त्या रात्री झोपली कशी होतीस? बसून वळली होतीस ना?"

ती पाट उचलून आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाणी तापलंय. भाकरी झाली. पुन्हा दिवस गेले तरी तसंच. म्हणून मी बेंगळूरला आलो. नोकरीसाठी आलो असं सांगितलं सगळ्यांना. पोट भरायला बेळगाव काही वाईट नव्हतं.

आणि मग इथं तिची पत्रं यायला लागली. तिनं मला हट्टी म्हटलं. उशी मऊ आहे म्हणाली. मला वाटलं, सोडलं तिनं ते. मला वाटलं, एवढ्या लांबून का होईना, ती बोलायला लागली. तू मला खोटी खुशाली कळवलीस असं तुला वाटत असेल. तू मला माफी कळवलीस, दादा, आणि ती तिनं दिलेलीच नव्हती. आता ती तुझ्याकडून परत कशी घेऊ?

बरं. आता काम ऐक.

काल संध्याकाळी मी एसटीडीवरून नंदगडला तिच्या माहेरच्या शेजारी वाण्याकडं फोन लावला. तिच्या भावाला, जयसिंगरावांना बोलावून घेतलं. ते उद्या सोमवारीच जीप घेऊन येतील. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती गेलेली असेल. आधी सरकारी दवाखान्यात, मग माहेरी, बाळंतपण होईपर्यंत तिथंच. त्यांना दारात कुणी अडवलं असेल तर ते माझ्यापर्यंत येईलच. जीपचं भाडं मी देणार आहे, तसं कबूल केलंय. कूस कशी बदलायची ते मी जयसिंगरावांना फोनवर दोनदा सांगितलं. त्यांनी ते मला परत म्हणून दाखवलं. फोन ठेवताना एवढंच म्हणाले, तुम्ही या.

मालकांकडं मी येत्या शनिवारपासून आठ दिवस मागितलेत. त्यांनी सरी, जा म्हटलंय. नंदगडलाच उतरणार, घरी येणार नाही. तिला जे विचारलं होतं ते मी परत घ्यायला चाललोय. ती बोलेल की नाही माहीत नाही. नाही बोलली तरी तिथंच बसून राहीन.

माझ्या नावानं किंवा तिच्या नावानं आता एक अक्षर लिहू नकोस.

आईला सांग, मांजरपाट मी अजाणता बांधलं. माझा राग तिच्यावर नाही.

तुझाच म्हणायचं तर भाऊ,
पिराजी

दर महिन्याचे चारशे या वेळी जयसिंगरावांच्या नावानं जातील. आईच्या डोळ्यांतल्या थेंबांचे वेगळे, तुझ्या नावानं पाठवतो, दुसऱ्या कशाला घालू नकोस: अक्षरी रुपये पंचवीस फक्त.