अख्खा लाडू आणि तीन बोटं

सौंसर, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मंगलास दादाचे अ. आ. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितो आहे, घाबरू नकोस. जबडा असा आखडला आहे की फोनवर माझं बोलणं कोणालाच कळत नाही. इथल्या दंतशिबिरात डॉक्टरीणबाईंनी उभी तीन बोटं तोंडात घालायला सांगितली, तर दीडच गेली. तंबाखू-सुपारीचा खर्रा किती खाता, असं त्यांनी विचारलं. कधीमधी, असं मी म्हणतो न म्हणतो तोच खिशातून खर्ऱ्याची पन्नी खाली पडली! गालाचा तुकडा तपासला. आज वाईट काही नाही, पण खर्रा सुटला नाही तर कॅन्सरची भीती आहे म्हणाल्या.

पंचाईत पुढेच आहे. २३ नोव्हेंबरला रामाकोन्याला आपल्या प्रणालीचं साक्षगंध. व्याही एकमेकांच्या तोंडात अख्खा लाडू कोंबतात, तुला ठाऊकच आहे. आणि सोयरीक जुळवताना मी व्याही तुळशीरामजींना छाती ठोकून सांगून बसलो की आमच्या घरी सुपारीचं खांडही येत नाही. तेही तसंच म्हणाले होते. आता पोरीसमोर माझी शोभा होणार.

तुझा अर्ध्या तोंडाचा,
देवीदासदादा

पांढुर्णा, १७ ऑक्टोबर

ती. दादांस मंगलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडली, मग त्या पन्नीवर पोट धरून हसली. सून अमृता बाळंतीण आहे म्हणून साक्षगंधाला येता येत नाही, नाहीतर तुमच्या खिशांची झडती मीच घेतली असती.

बसच्या कंडक्टरजवळ पुडकं दिलं आहे. त्यात आइस्क्रीमच्या चपट्या काड्या आहेत. इथल्या डॉक्टरांना विचारलं. दातांत एकावर एक रचायच्या, हळूहळू वाढवायच्या, जबरदस्ती करायची नाही. काड्यांसाठी हे रोज आइस्क्रीम खाऊन राहिले! साळ्यासाठी एवढंही करू नये का, असं वर मलाच विचारतात.

खर्रा खाल्ला तर तुळशीरामजींना मीच कळवीन. भाऊ एकच आहे मला, तो हवा आहे.

लोभ ठेवा, पन्नी ठेवू नका.
तुमची मंगली

सौंसर, १० नोव्हेंबर

चि. सौ. मंगलास अ. आ.

चौदा काड्यांवरून अठरावर आलो! पानठेल्यासमोरून जाताना जीव कासावीस होतो, मग मी संत्र्याची फोड तोंडात टाकतो. तुझी वहिनी छाया रोज सकाळी स्वतःची बोटं घालून मोजते. काल चुकून चावलो, तर दिवसभर बोलली नाही.

दादा

सौंसर, २४ नोव्हेंबर

चि. सौ. मंगलास दादाचे पोटभर आशीर्वाद.

काल मी आ वासला, डोळे मिटले आणि लाडू गेला की अख्खा! जरा बेताचाच होता, खोटं कशाला सांगू. टाळ्याच टाळ्या. मग माझी पाळी. लाडू पुढे केला, तर व्याह्यांचं तोंडच उघडेना. लाडू ओठांवर फुटला, बुंदी जाकिटात गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. त्यांचं तोंड एकच बोटाचं.

मग मीच मोठ्याने सांगून टाकलं की मी खोटं बोललो होतो, बावीस वर्षं खर्रा खाल्ला. तुळशीरामजींनी खिशातली पन्नी काढून माझ्या हातावर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले. प्रणाली उठली आणि तिने दोघांना बजावलं, लग्नात दोघांनीही अख्खा लाडू खायचा, नाहीतर ती बोहल्यावर चढणार नाही.

लग्न मार्चात आहे. उद्या मी त्यांना गाल तपासायला घेऊन जातो आहे. विजयरावांना सांग, आइस्क्रीम थांबवू नका. काड्या आता दोन तोंडांसाठी लागतील.

तुझा अडीच बोटांचा,
दादा